धूर खयसून शिरता?

आमच्या गाडीत धुराचा वास येतो हे घरात सर्वांत शेवटी मला कळलं. माझं नाक जूनमध्ये चोंदतं ते दिवाळीच्या फराळालाच उघडतं. बायकोने मात्र चौक्याच्या वाटेवरच जाहीर केलं, "अहो, सायलेन्सरचा वास येतोय." मागच्या सीटवरून आईने तिला तिथल्या तिथे खोडून काढलं, "सायलेन्सर नाय नि काय नाय. मे म्हयन्यात डिकीत रसाळ फणस फुटललो, तेचोच वास तो."

आईचंही चुकलं नव्हतं. आमच्या डिकीने आजवर सुके बांगडे, गोलमा (बारीक सुकी कोळंबी), ओले काजू आणि एकदा शेणखताची गोणी असं सगळं वाहिलंय. तिथे नेमका वास ओळखायचा म्हणजे दशावतार संपल्यावर देवळाबाहेर आपली चप्पल शोधायची.

शेजारचे तात्या आले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, चारही टायरांना लाथ घातली (मोटारीच्या कुठल्याही दुखण्यावर हा आमच्याकडचा पहिला उपचार) आणि विचारलं, "राखणदाराक नारळ दिलंस?" नव्हता दिला. मग नारळ आला, बॉनेटसमोर गाऱ्हाणं झालं, "बा देवा म्हाराजा, ह्या गाडयेत जो काय धूर शिरता, तो जय शिरता थयसून भायर काढ रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडलो. तोपर्यंत सुचवलेल्यांत सर्वांत स्वस्त उपाय तोच होता.

वास गेला नाही. उलट धामापूरपर्यंत जाईस्तोवर आईचं डोकं दुखायला लागलं, तेव्हा मात्र मीही घाबरलो आणि गाडी कुडाळच्या मेस्त्रींकडे नेली.

"पीयूसी आहे," मी आधीच सांगून टाकलं.

"आसतलीच," मेस्त्री म्हणाले. "नळी मागच्या भोकात घालतत. तुमचो अर्धो धूर थयपर्यंत पोचताच खय?" मग त्यांनी गाडी रात्रभर तिथेच ठेवून घेतली. गाडी थंड हवी. "गरम झाली की लोखंड फुगता, चीर मिटता आणि गाडी खोटा बोलता."

सकाळी इंजिन सुरू केल्याबरोबर त्यांनी पोऱ्याला मागच्या नळकांड्यावर ओलं फडकं दाबून धरायला लावलं आणि स्वतः गाडीखाली सरकले. वाट बंद झालेला धूर दुसरीकडून फुसफुसायला लागला. साबणाचं पाणी शिंपडल्यावर सायलेन्सरच्या अलीकडच्या जोडावर बुडबुडे आले. तिथे काजळीचा काळा ओघळ आधीपासूनच होता, म्हणजे गाडीने कबुलीजबाब लिहून ठेवला होता, आम्हीच वाकून वाचला नव्हता.

"खाऱ्या वाऱ्यान खाल्ल्यान," मेस्त्री म्हणाले. "आणि तुम्ही गाडी खय नेतास? धक्क्यार? मासळेक?"

मी मान डोलावली. घरापासून धक्का पाच मिनिटं. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते. लांब गेलं तर ती नळीबाहेर निघून जाते, पण पाच मिनिटांत सायलेन्सर तापतच नाही, त्यामुळे पाणी आतच साचतं. बाहेरून समुद्र, आतून तळं. अर्धा किलो सौंदाळ्यांसाठी मी तो पत्रा दोन्ही बाजूंनी कुजवत होतो.

जोड बदलला, गॅस्केट नवं आलं. दोन दिवस घरात आनंद. तात्यांनी नारळाचं श्रेय घेतलं, मी घेऊ दिलं. तिसऱ्या दिवशी मागच्या काचा उघड्या टाकून निघालो आणि बायकोने नाकाला पदर लावला.

मेस्त्री या वेळी हसले नाहीत. वासाने एवढं काय होतं, असं मी विचारलं तर म्हणाले, "वास येता तो मारणा नाय. जो मारता, तेका वासच नाय." कार्बन मोनॉक्साइडला खरोखरच ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. धुराचा वास असतो तो त्याच्या सोबत्यांचा. आईचं डोकं उगीच दुखत नव्हतं. आणि आम्ही फणसावर वाद घालत होतो.

"धूर भायर खयसून पडता ता गावला," मेस्त्री म्हणाले. "आत खयसून शिरता ता बघूक व्हया." हा प्रश्न आधी कुठेतरी ऐकलाय असं वाटलं. मग आठवलं, गाऱ्हाण्यात. तात्यांना मी घरी हे सांगितलेलं नाही.

धावत्या गाडीमागे हवेची पोकळी होते, नळकांड्यातून निघालेला धूर तिथेच घुटमळतो आणि मागच्या काचा उघड्या असल्या की डिकीच्या फटीतून आत ओढला जातो. फट शोधायला मेस्त्रींनी माझ्याकडून दहाची नोट मागितली. ती डिकीच्या कडेच्या रबरावर, म्हणजे बीडिंगवर, ठेवून डिकी लावायची आणि ओढायची. नोट सगळीकडे अडकली, खालच्या डाव्या कोपऱ्यात मात्र अलगद बाहेर आली. तिथलं दोन इंच बीडिंगच नव्हतं. काठावर बारीक दातांच्या खुणा होत्या. गोलम्याची पिशवी ज्या कोपऱ्यात ठेवायचो, तो हाच.

स्टेपनीच्या खड्ड्यातही पाणी होतं. ते मी पावसाळाभर बांगड्यांच्या बर्फाचं समजून पुसत होतो.

नवं बीडिंग इतकं घट्ट बसलं की डिकी लावायला कंबर लावावी लागते. परवा आईने सुके बांगडे घेतले. पाऊस होता, काचा बंद. डिकीतून आता आत काही येत नव्हतं आणि बाहेरही काही जात नव्हतं. चौक्यापर्यंत कसं पोचलो ते माझ्या चोंदलेल्या नाकालाही आठवतंय. मी बाजूला थांबून मेस्त्रींना फोन लावला.

पलीकडे बराच वेळ काहीच आवाज नाही.

"बांगडे किती आसत?"

"शंभर."

"त्यातले वीस माका हाडून दिया. आणि काचो उघडा."