‘नुसते हात काढलेत’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू आलं आणि तिसऱ्यांदा माझाच लेख शेजारी उघडून बसलो, कारण तुमच्या दोन गोष्टी बिनतोड आहेत. चार ओळींत आभार मानून सुटण्यासारखी ही प्रतिक्रिया नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. स्वतःच कॉमिक्स काढायचं, स्वतःच छापायचं आणि स्वतःच विकायचं असं करणाऱ्यांवर मी मागचा लेख लिहिला होता. त्यावर या वाचकांचं म्हणणं असं : मी हौशी मंडळींना उगाच डोक्यावर घेतलं आहे. काम चांगलं असतं तर एखाद्या प्रकाशकाने छापलं नसतं का? दोनशे प्रतींच्या चोपडीला ‘सांस्कृतिक मोल’ म्हणणं ही शब्दांची उधळपट्टी आहे. लेखासोबत दिलेलं पान तर चित्रकलेच्या परीक्षेत नापास होईल असं, ‘सोळा पानं नुसते हात काढलेत’. आणि इंटरनेट हाताशी असताना कागद कशाला? शेवटी एक टोमणा : ‘तुम्ही स्वतः कधी एक तरी काढलंय का?’

टोमण्याचं उत्तर शेवटी देतो. आधी तुमचं बरोबर काय ते.

‘अमेरिकन स्प्लेंडर’ या कॉमिक्सची चित्रं त्याचा लेखक हार्वी पीकार यानेच काढली असं मी लिहून गेलो. साफ चूक. पीकारला चित्रं काढता येत नव्हती. क्लीव्हलंडच्या एका सरकारी रुग्णालयात तो फाइली सांभाळायची नोकरी करायचा. कागदावर चौकटी आखून त्यांत काडीची माणसं उभी करायची, त्यांच्या तोंडी संवाद लिहायचे आणि ते पान एखाद्या चित्रकाराला द्यायचं, अशी त्याची पद्धत. १९७६ साली पहिला अंक निघाला तो त्याच्याच खर्चाने. लेखात दुरुस्ती केली आहे. फक्त एक सांगतो, ही दुरुस्ती माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त नडते. ‘ज्याला चित्र काढता येत नाही त्याने या वाटेला जाऊ नये’ असं तुम्ही लिहिलंत, आणि उदाहरण पकडलंत ते नेमकं पीकारचं.

दुसरी गोष्ट ‘माऊस’ या गाजलेल्या कॉमिक्सची. ‘माऊस याच वाटेने आलं’ असं मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणालात, ‘एका माऊसमागे हजार टाकाऊ चोपड्या असतात, त्यांचं काय?’ मान्य. रत्न दाखवून खाणीची भलामण करायची ही युक्तीच लंगडी आहे. शिवाय तिच्यात एक अपमान दडलेला आहे, तो लिहिताना मला दिसला नव्हता : जणू ही सगळी धडपड म्हणजे मोठ्या प्रकाशकाच्या दारातली बालवाडी, आणि जो तिथून वर सरकला त्याचंच काम खरं. तो युक्तिवाद मी मागे घेतो.

पण ‘माऊस’ सोडत नाही, कारण त्याच्यातून वेगळंच काही दिसतं. आर्ट स्पीगलमनची त्या नावाची पहिली गोष्ट १९७२ मध्ये एका अंडरग्राउंड, म्हणजे मोठ्या प्रकाशकांच्या बाहेर निघणाऱ्या, कॉमिक्समध्ये आली, फक्त तीन पानांची. मोठी कथा १९८० पासून ‘रॉ’ या मासिकात प्रकरणाप्रकरणाने येऊ लागली. हे मासिक तो आणि त्याची बायको फ्रांस्वाज मुली घरून चालवत. सुरुवातीची प्रकरणं म्हणजे अंकाच्या आत घातलेल्या छोट्या पुस्तिका. पहिला खंड पुस्तकरूपात आला १९८६ ला, दुसरा १९९१ ला, पुलित्झर १९९२ ला. नाझी छळछावणीतून वाचलेला बाप आणि त्याच्यावर वैतागणारा मुलगा यांची ही गोष्ट, तीही उंदीर-मांजरांच्या तोंडवळ्यांनी सांगितलेली. ती इतकी वर्षं कोण पोसत बसलं असतं? बक्षिसाचं सोडा. मला मोल वाटतं ते त्या मधल्या वर्षांचं, कारण तेव्हा ‘पुढचं कधी देताय, आणि उंदीरच का?’ असं विचारणारं वर कुणी नव्हतं.

आता ‘चांगलं असतं तर छापलं नसतं का’ याकडे येतो. प्रकाशक दुष्ट असतात असं मी कुठेच म्हटलेलं नाही. पण ‘हे चांगलं आहे का’ हा त्याच्या टेबलावरचा तिसरा-चौथा प्रश्न असतो. पहिला प्रश्न, हे किती खपेल. दुसरा, कुणाच्या हातून पोचेल. हा दुसरा प्रश्न आपण वाचक नेहमी विसरतो. १९५४ मध्ये अमेरिकेत कॉमिक्समुळे मुलं बिघडतात म्हणून मोठं काहूर उठलं, सिनेटच्या उपसमितीसमोर सुनावण्या झाल्या आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच एक आचारसंहिता करून घेतली, कॉमिक्स कोड. त्यातली कलमं वाचण्यासारखी आहेत. अंकाच्या नावात ‘हॉरर’ किंवा ‘टेरर’ हे शब्द नकोत. प्रत्येक गोष्टीत चांगल्याचाच विजय हवा. पोलीस, न्यायाधीश यांच्याबद्दल अनादर वाटेल असं काही दाखवायचं नाही. कायद्याने कुणावरही सक्ती नव्हती. पण मुखपृष्ठावर कोडचा शिक्का नसेल तर वितरक गठ्ठा उचलत नसत, आणि गठ्ठा उचलला नाही की अंक मेला. म्हणजे काय लिहायचं हे लेखकाने ठरवलं नाही, संपादकानेही नाही. ते ठरवलं वाहतुकीच्या वाटेनं.

मग १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर चित्रकार रॉबर्ट क्रम्बच्या ‘झॅप’ या कॉमिक्सचा पहिला अंक बाबागाडीत घालून विकला गेला. हे चित्र गमतीचं म्हणून सगळे सांगतात, मीही मागच्या लेखात तसंच सांगितलं. पण ती बाबागाडी म्हणजे वितरणव्यवस्थाच होती. तिच्यावर कुणाचा शिक्का लागत नव्हता.

त्या मोकळिकीतून घाण आली नाही का? भरपूर आली. क्रम्बच्या कित्येक पानांवर बायकांचं आणि काळ्या लोकांचं जे काही केलंय ते आज बघवत नाही, आणि तेव्हाही अनेकांना बघवत नव्हतं. त्या पुरुषी कोंडाळ्यात बायकांना जागाही नव्हती. पण पुढचं बघा. ट्रिना रॉबिन्स आणि तिच्या मैत्रिणींनी १९७० मध्ये फक्त स्त्रियांनी केलेलं कॉमिक्स काढलं, ‘इट एन्ट मी, बेब’. १९७२ पासून ‘विमेन्स कॉमिक्स’ सुरू झालं आणि ते वीस वर्षं चाललं. उत्तर द्यायला त्यांना कुणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही. शिवी ज्या कागदावर आली होती, उत्तरही त्याच कागदावर गेलं.

आता हात.

तुम्ही ज्या पानाची टर उडवलीत ती सोळा पानी चोपडी आत्ता माझ्यासमोर आहे. चार कागद, पाठपोट झेरॉक्स, मधोमध घडी, घडीवर दोन पिना. एक पीन गंजलीय, तिचा तांबूस डाग आठव्या-नवव्या पानावर उतरलाय. काढणारी रात्रपाळीची परिचारिका आहे. पहिल्या पानावर सलाईनची सुई टोचलेला हात, चिकटपट्टीची कड सुटलेली. सहाव्यावर खाटेचा कठडा घट्ट धरलेली चार बोटं. अंगठा कुठे गेला ते चार पानांनंतर कळतं, आणि कळल्यावर मागे जाऊन सहावं पान पुन्हा बघावंसं वाटतं. अकराव्यावर तिचा स्वतःचा हात आहे. कागद सापडला नाही म्हणून मनगटावर पेनाने नाडीचे आकडे लिहिलेले. खिडकीबाहेरची रात्र तिने काळी भरली आहे, आणि झेरॉक्सने आपल्या स्वभावाप्रमाणे तो काळा विटवून टाकलाय, पांढऱ्या रेघा, रवाळ ठिपके. पहाटे चारला खिडकी अशीच दिसते.

मलपृष्ठावर तिने बारीक अक्षरात सांगून टाकलंय की तिला चेहरे जमत नाहीत, आणि पुढे, त्यामुळे कुणाची ओळख उघड होत नाही, हे बरंच झालं.

तुमचं म्हणणं एका अर्थाने खरं आहे. कुठल्याही जाणत्या संपादकाने तिला सांगितलं असतं, ‘बाई, चेहरे हवेत. वाचक चेहऱ्याला धरून गोष्टीत शिरतो.’ त्याचं चुकलंही नसतं, त्याला पाच-दहा हजार वाचकांना आत घ्यायचं असतं. मग एखादा सफाईदार चित्रकार जोडून दिला गेला असता, चेहरे आले असते, डोळ्यांत पाणी आलं असतं, आणि ही चोपडी जगात नसती. तिची जी उणीव होती तिच्यातूनच हे रूप निघालं. आणि ती उणीव भरून काढायला कुणी मधे आलं नाही, म्हणून ते टिकलं. छोट्या छपाईचं मोल मला विचाराल तर ते इथे आहे. मागच्या लेखात मी ते ‘अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य’ वगैरे जड शब्दांखाली पुरून टाकलं, ही माझी चूक.

कॅनडाची चित्रकार ज्युली दुसे हिची पानं बघितलीत तर तुम्ही आणखी वैतागाल. बाटल्या, चपला, भांडी, सगळं पान गच्च, डोळ्याला बसायला जागा नाही. १९८८ मध्ये ती ‘डर्टी प्लॉट’ ही आपली चोपडी झेरॉक्स करून काढायची. पुढे कॉमिक्समधल्या पुरुषी वातावरणाला आणि मिळकतीला कंटाळून तिने ते सोडलंही. २०२२ मध्ये फ्रान्समधल्या आंगुलेमच्या कॉमिक्स महोत्सवाने तिला आपला सर्वोच्च सन्मान दिला. (बघा, मी पुन्हा बक्षीस दाखवलं. सवय जाता जात नाही.)

छोटं म्हणजे एकट्याचंच असंही नाही. ‘भीमायन’ घ्या. २०११ मध्ये ‘नवयान’ या लहानशा प्रकाशनाने काढलेलं, डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यावरचं पुस्तक. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम हे परधान गोंड चित्रकार. माणसांना चौकटीत कोंडायला त्यांनी नकार दिला. मग पानं विभागली गेली ती त्यांच्या परंपरेतल्या दिग्नाच्या नक्षीने. संवादाचे फुगे तर बघत राहावेत असे. मायेने बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, आणि जो विटाळाची भाषा बोलतो त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. कॉमिक्सच्या कुठल्याही क्रमिक पुस्तकात हे नव्हतं. चौकटीशिवाय कॉमिक्स होतच नाही असं मानणाऱ्या कारखान्यात ही नांगी पहिल्याच बैठकीत कापली गेली असती.

दोनशे प्रतींचं गणित मला खरं तर मराठी वाचकाला समजावून सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं. ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’ ही अनियतकालिकं किती जणांनी विकत घेतली होती? आणि त्यानंतरची मराठी कविता त्यांच्याशिवाय सांगता येते का? जपानमध्ये हौशी कॉमिक्सवाल्यांचा ‘कॉमिकेट’ हा मेळा १९७५ मध्ये पहिल्यांदा भरला तेव्हा ३२ गट होते आणि माणसं सातशेच्या आसपास. आज तिथे लाखोंची रीघ लागते. पण माझ्या लेखी तो सातशे जणांचा दिवसही तितकाच भरलेला होता.

इंटरनेटबद्दल माझं तुमच्याशी फारसं भांडण नाही. वाचक तिथे आहेत, नवे लोक तिथेच शिकतात. फक्त तिथलं घर भाड्याचं असतं. टंबलर या संकेतस्थळाने डिसेंबर २०१८ मध्ये प्रौढ मजकुरावर सरसकट बंदी घातली, तेव्हा कित्येक चित्रकारांचा वर्षांचा वाचकवर्ग पांगला. उलट अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११ पासून ‘स्मॉल प्रेस एक्स्पो’ या छोट्या छपाईवाल्यांच्या मेळ्यातल्या अशाच पिना मारलेल्या चोपड्या रीतसर जपायला घेतल्या आहेत. आणि कागदावर ज्या करामती होतात त्या पडद्यावर होत नाहीत. ‘रॉ’च्या सातव्या अंकाच्या प्रत्येक प्रतीचं मुखपृष्ठ हाताने फाडलेलं होतं, आणि फाडलेला तुकडा आत चिकटवलेला. एक एक प्रत घ्यायची, कोपरा फाडायचा, चिकटवायचा. हजारो वेळा. वेडेपणाच आहे, पण तो कुणाला विचारून केलेला नाही.

पैशाबद्दल तुम्ही लिहिलंत ते मात्र मी खोडणार नाही. यात पोट भरत नाही. ‘निन्जा टर्टल्स’ १९८४ मध्ये दोघा मित्रांनी उसनवारी करून काळ्या-पांढऱ्यात काढलं आणि पुढे गडगंज झालं, हे खरं. त्यातल्या पीटर लेअर्डने त्या पैशातून ‘झेरिक’ ही संस्था काढून १९९२ ते २०१२ अशी वीस वर्षं स्वतः छापणाऱ्यांना अनुदानं दिली, हेही खरं. पण असे लेअर्ड किती? बाकीच्यांना जत्रेतल्या टेबलाचं भाडंही सुटत नाही, आणि ‘कलेसाठी करतोय ना’ म्हणून त्यांच्याकडून फुकटात काम करून घेणारेही असतात. मागच्या लेखात मी या फाटकेपणावर जरा कविताच केली होती. ती शोभली नाही.

आता टोमणा. हो, एक काढलंय. आठ पानी, चाळीस प्रती, दोन कागद आणि एक घडी. बाहेरच्या कागदाच्या एका अंगाला आठवं आणि पहिलं पान येतं, दुसऱ्या अंगाला दुसरं आणि सातवं. मी रात्री दीड वाजता दुसरं आणि सातवं उलटसुलट चिकटवलं आणि सकाळी चाळीसच्या चाळीस छापून, घड्या घालून, पिना मारून मोकळा झालो. त्यामुळे गोष्टीचा शेवट दुसऱ्याच पानावर होतो आणि सातव्या पानावर नायक पुन्हा घरातून निघतो. एकोणतीस प्रती गेल्या. एकानेही चूक काढली नाही. एका मुलीने तर सांगितलं की आधी शेवट दाखवून मग मागे जायची कल्पना छान जमलीय. मी ‘धन्यवाद’ म्हणालो आणि गप्प बसलो.

अकरा प्रती कपाटात आहेत. पत्ता कळवलात तर एक पाठवतो. त्यातले हात मात्र फारच वाईट काढलेत, आधीच सांगून ठेवतो.