एनएफएस मंद आहे म्हणून ‘असिंक’ लावू नका

‘एनएफएसवर कॉपी रडतखडत होते? सर्व्हरच्या एक्स्पोर्ट्स फाइलमध्ये सिंकच्या जागी असिंक लिहा, वेग दहापट. माउंट करताना सॉफ्ट, यूडीपी, नोएटाइम आणि डब्ल्यूसाइझ 8192 द्या, एमटीयू 9000 करा. कसलाही धोका नाही.’

हा मेसेज सध्या लिनक्सवाल्यांच्या ग्रुपांमध्ये फिरतोय. एनएफएस म्हणजे सर्व्हरवरचं फोल्डर नेटवर्कवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर, म्हणजे क्लायंटवर, जोडून (माउंट करून) वापरायची सोय. ते फोल्डर कुणाला आणि कसं द्यायचं, हे एक्स्पोर्ट्स फाइलमध्ये लिहितात. माझी भाची अंधेरीतल्या एका छोट्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओचा सर्व्हर सांभाळते. तिने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामा, आज रात्री हे करून टाकते.’ तिला फोन केलाच, पण तिच्यासारखे बाकीचेही असतील.

‘कसलाही धोका नाही’ हे धडधडीत खोटं आहे. सर्व्हरवर ‘मॅन एक्स्पोर्ट्स’ हे मॅन्युअलचं पान उघडा. तिथे सरळ लिहिलंय की असिंक दिल्यावर सर्व्हर एनएफएसचा नियम मोडतो, बदल डिस्कवर जाण्याआधीच उत्तर देतो, आणि मध्येच बंद पडला तर डेटा हरवू किंवा बिघडू शकतो. एनएफएस-युटिल्स या लिनक्सवरच्या एनएफएस साधनांच्या 1.0.0 आवृत्तीपर्यंत असिंक हाच डिफॉल्ट होता, तो पुढे मुद्दाम बदलला.

‘सिंक म्हणजे प्रत्येक राइट डिस्कवर जाईपर्यंत थांबणं’ हा समजही जुनाच. 1995च्या एनएफएस 3 पासून क्लायंट डेटा पाठवत राहतो, सर्व्हर तो मेमरीत ठेवू शकतो आणि शेवटी ‘कमिट’, म्हणजे सगळं डिस्कवर पक्कं केल्याची खात्री, मागितली जाते. कमिटचं उत्तर येईपर्यंत क्लायंट स्वतःची प्रत टाकत नाही. मध्येच सर्व्हर रीस्टार्ट झाला तर ते त्याला कळतं आणि तो डेटा पुन्हा पाठवतो. असिंकमध्ये सर्व्हर कमिटलाही खोटा होकार देतो. कॅशियरने नोटा मोजायच्या आधीच पावतीवर शिक्का मारावा, तसं. क्लायंट प्रत सोडून देतो, सर्व्हर पडतो, फाइल अर्धवट राहते आणि कुठेही एरर दिसत नाही.

‘आमच्याकडे यूपीएस आहे’ हे उत्तर मला नेहमी ऐकू येतं. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज गेली ती अनेक भागांत काही तास आली नव्हती. आणि कर्नल पॅनिक (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभाच कोसळणं) किंवा एसएमपीएस (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) जळणं यूपीएस कसं थांबवणार?

असिंकने वेग वाढतो, हे खरं. पुन्हा बनवता येतील अशा तात्पुरत्या रेंडर कॅशसाठी वेगळा एक्स्पोर्ट करून हवा तर वापरा. पण गिगाबिट नेटवर्कवर मोठी फाइल सेकंदाला 110 एमबीने जात असेल तर तारच भरलेली आहे. दहापट कुठून येणार?

बाकीचं थोडक्यात. सॉफ्ट माउंट सर्व्हरचं उत्तर वेळेत आलं नाही की प्रयत्न सोडतो, त्यामुळे टाइमआउट झाला की डेटा गुपचूप बिघडू शकतो. लिहिण्याच्या कामाला, उत्तर येईपर्यंत प्रयत्न करत राहणारा हार्डच ठेवा. यूडीपी (पोच न घेता डेटा पाठवायची पद्धत) तर लिनक्स कर्नल 5.6 पासून एनएफएससाठी डिफॉल्टने बंद आहे. डब्ल्यूसाइझ, म्हणजे एका वेळच्या राइटचा कमाल आकार, दोन्ही बाजू आपसात ठरवतात, 1 एमबीपर्यंत. 8192 (बाइट) लिहून तुम्ही तो उलट कमी करता. नोएटाइमचा (फाइल वाचल्याची वेळ न नोंदवण्याचा) एनएफएस माउंटवर परिणामच होत नाही. एमटीयू (नेटवर्क पॅकेटचा कमाल आकार) 9000 चा थोडा फायदा होतो, पण स्विचसकट वाटेतलं प्रत्येक उपकरण त्यावर असेल तरच. एकही सुटलं तर मोठी कॉपी मध्येच लटकते.

भाचीचा खरा त्रास हजारो छोट्या टेक्स्चर फाइलींचा आहे. प्रत्येक फाइल तयार करताना आणि बंद करताना सर्व्हरला डिस्ककडून खात्री घ्यावी लागते. 7200 आरपीएमची डिस्क सेकंदाला 120 फेऱ्या मारते, म्हणजे सेकंदाला शंभरेक फाइलींच्या पुढे ती जाणार कशी? इथे उपाय हार्डवेअरचा आहे: वीज गेली तरी हातातलं लिहून पूर्ण करणारी कपॅसिटरवाली एसएसडी, किंवा अनेक डिस्क एकत्र चालवणारं, बॅटरीवालं रेड (RAID) कार्ड. आणि टार फाइल (अनेक फाइलींचं एकच गाठोडं) एनएफएसवरून उघडण्याऐवजी एसएसएचने (दुरून लॉगिन करून) थेट सर्व्हरवर उघडा.

आधी मोजा. क्लायंटवर एनएफएसआयओस्टॅट ही एनएफएसचा वेळ दाखवणारी कमांड चालवा. राइटचा आरटीटी (विनंती पाठवल्यापासून उत्तर येईपर्यंतचा वेळ) मोठा असेल तर दोष नेटवर्कचा किंवा सर्व्हरच्या डिस्कचा. आरटीटी लहान पण एक्झी (रांगेतल्या थांब्यासकट एकूण वेळ) मोठा असेल तर रांग क्लायंटवरच लागलीय. मग सर्व्हरवर डीडी ही डेटा लिहून वेग दाखवणारी कमांड चालवा, पण ‘conv=fsync’ देऊन, नाहीतर तुम्ही फक्त रॅमचा वेग मोजाल.

ज्यांनी असिंक आधीच लावलंय त्यांनी सर्व्हरवर ‘एक्स्पोर्टएफएस -व्ही’ चालवून बघा. त्यात चालू सेटिंग दिसतात. काही तयार नॅस डब्यांवर (नेटवर्कला जोडायच्या स्टोरेज पेट्यांवर) ते न सांगताच चालू असतं. असिंक दिसलं तर एक्स्पोर्ट्स फाइलमध्ये त्याजागी सिंक लिहा, ते लागू करायला ‘एक्स्पोर्टएफएस -आरए’ द्या, आणि चालू प्रोजेक्टचा बॅकअप आजच तपासा.