फर्निचरवाल्याचं उत्तर

पाम एक्स्पो या ध्वनी-प्रकाश यंत्रणांच्या प्रदर्शनात पाहिलेल्या डिजिटल मिक्सरवर, म्हणजे कन्सोलवर, मी लिहिलेल्या लेखाखाली 'ध्वनिवेडा' या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. तिथेच चार ओळी खरडणार होतो, पण प्रकरण लांबत गेलं, म्हणून वेगळं टाकतोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: लेखकमहाशय गोरेगावला गेले, स्टॉलवर दहा मिनिटं फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती बटणं) वर-खाली केले आणि पानभर लिहून मोकळे झाले. ९६ किलोहर्ट्झबद्दल (सेकंदाला ९६ हजार वेळा आवाज मोजणं) अवाक्षर नाही, लेटन्सी (आवाज यंत्रातून बाहेर पडायला लागणारा वेळ) नाही, दांते (नेटवर्कच्या केबलवरून आवाज नेण्याची पद्धत) नाही, किमती नाहीत. एकाही कन्सोलवर अख्खा कार्यक्रम केलेला नाही. आणि शेवटी हे: "स्क्रीनचा कोन, फेडरची संख्या, बटणांमधलं अंतर... हा मिक्सरवरचा लेख आहे की फर्निचरवरचा? बोटं अजून अॅनालॉगमध्येच अडकलेली दिसतात."

आधी एक मान्य करतो. फोटो काळोखे आले आहेत. त्यावर कोणी काही बोललेलं नाही, पण बोलायला हवं होतं.

टीकेला माझी ना नाही. या ब्लॉगवर लोकांनी मला यापेक्षा कडक शब्दांत सुनावलंय आणि त्यातल्या काही जणांबरोबर आज मी कामं करतो. पण समोरच्याला 'महाशय' म्हणायचं आणि त्याच वाक्यात त्याची अक्कल काढायची, ही कुठली रीत? स्वतःचं नावही न सांगता? असो. फर्निचरकडे वळतो.

साहेब, लेख वाचलात की चाळलात? सुरुवातीलाच लिहिलंय की प्रदर्शनाच्या, म्हणजे नेस्कोच्या हॉलमध्ये उभं राहून कुठल्याही कन्सोलचा आवाज कळत नाही. डाव्या हाताला कोणीतरी सबवूफर दाखवतोय, उजवीकडे लाइटवाल्यांचं म्युझिक सुरू आहे आणि मधे तुम्ही हेडफोन कानावर दाबून कंपनीने आणलेलं, प्रत्येक आवाज वेगळा असलेलं मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग ऐकताय. त्यातली गायिका माइकपासून तोंड फिरवत नाही, तबल्याचा माइक कोणाच्या पायाने कलंडत नाही, वायरलेसची बॅटरी दुसऱ्या अंकात मान टाकत नाही. असलं रेकॉर्डिंग कशावरही गोडच वाजणार. तिथे प्रामाणिकपणे तपासता येतो तो एवढाच भाग: हात कुठे पोचतो, डोळ्यांना काय दिसतं, घाईत बोट कुठे पडतं. पेटी घ्यायला गेलेला माणूस आधी भाता दाबून बघतो, पट्ट्यांवरून बोटं फिरवतो. त्याला कोणी सुतार म्हणत नाही.

फेडरच्या संख्येवर तुम्ही हसलात. यामाहाचा डीएम३ मिक्सर घ्या. देखणा, हलका, खांद्याला मारून लोकलने नेता येईल असा. माइकची इनपुट १६, स्क्रीन ९ इंची आणि फेडर आठ अधिक एक मुख्य. आता बारा पात्रांचं नाटक घ्या, प्रत्येकाच्या गालाला माइक चिकटवलेला. पात्र आत येण्याच्या अर्धा क्षण आधी फेडर वर, बाहेर पडलं की खाली. नाहीतर विंगेतली कुजबूज थेट प्रेक्षकांत. आठ फेडरवर हे करताना नववं पात्र दुसऱ्या लेयरवर जातं (तेच फेडर, पण बटण दाबून उघडायचं दुसरं पान). म्हणजे सूनबाई पहिल्या लेयरवर रडतायत, सासरे दुसऱ्या लेयरवरून दारात उभे आहेत, आणि पार्श्वसंगीताचा क्यूही तुम्हालाच द्यायचाय. सीन रिकॉल (आधी साठवलेली मांडणी एका बटणावर परत आणणं) वापरा म्हणाल. वापरतोच. पण नट तालमीत नसलेलं वाक्य घालतो किंवा असलेलं अर्धं पान खातो, तेव्हा सीन कोणाला विचारून पुढे सरकवायचा? अॅलन अँड हीथच्या एसक्यू-५ वर १६ अधिक एक फेडर आहेत, एसक्यू-७ वर ३२ अधिक एक, बेहरिंगरच्या जुन्या एक्स३२ वर मिळून २५. नाटकवाल्यासाठी यातला फरक हा रात्री शांत झोप लागण्या-न लागण्याचा फरक आहे. तुम्हाला ते फर्निचर वाटतं, कारण तुम्ही बहुधा अंधारात बसून फेडर चाचपलेला नाही.

आता स्क्रीनचा कोन. उपनगरातल्या एका मैदानावर संध्याकाळचा कार्यक्रम होता, साउंडचेक दुपारी चारला. कन्सोल कोणाचा होता ते सोडा. सूर्य माझ्या पाठीशी आणि स्क्रीनवर मला फक्त माझंच तोंड दिसतंय. ढोलकीवाला ओरडतोय, "दादा, मॉनिटरला जरा पेटी द्या." म्हणजे त्याच्या समोरच्या स्पीकरमध्ये पेटीचा आवाज वाढवा. मी अंदाजाने ज्या चौकोनावर घामट बोट टेकवलं तो पेटीचा नव्हता, निवेदिकेचा होता. मॉनिटरने अशी शिट्टी मारली की शिडीवर चढलेला मांडववाला मुकाट खाली उतरला. शेवटी थर्माकोलचा तुकडा टेपने चिकटवून कन्सोलला छप्पर केलं, आणि ते छप्पर कार्यक्रम संपेपर्यंत तसंच राहिलं. लेखात कोनावर दोन परिच्छेद आहेत ते यासाठी. एसी स्टुडिओत बसत असाल तर सुखी आहात.

'अॅनालॉगमध्ये अडकलेली बोटं' हे मात्र लागलं. मी शिवाजी मंदिरच्या प्रयोगांना केबली गुंडाळत या धंद्यात आलो. चुकीची गुंडाळली तर आमचे ऑपरेटर काका ती अख्खी सोडून पुन्हा गुंडाळायला लावत. फेडरला हात लावणं फार पुढची गोष्ट. यामाहाचा एम७सीएल हा डिजिटल मिक्सर आला तेव्हा त्याच्या मॅन्युअलच्या झेरॉक्स मी लोकलमध्ये उभ्याने वाचल्यात. २०१२ मध्ये बेहरिंगरने एक्स३२ जाहीर केला तेव्हा आमच्यातल्या भल्याभल्यांनी नाकं मुरडली. मी त्यावर भजनापासून लावणीपर्यंत सगळं केलं. ज्याला डिजिटलचा तिटकारा आहे तो मे महिन्याच्या उकाड्यात गोरेगाव स्टेशनवरून रिक्षाची रांग लावून एक्स्पोला कशाला जाईल?

उरलेलं झटपट. ९६ कशाला हवं? त्याच्या निम्म्या ४८ किलोहर्ट्झलाही २४ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पकडता येतो. माणसाचा कान २० पर्यंत, तोही तरुणपणी. आणि आपल्याकडे स्टेजवर सर्रास दिसणारा शुअरचा एसएम५८ हा माइकच मुळात १५ पर्यंतचा आहे. वरचं काय वटवाघळांसाठी? लेटन्सीचं म्हणाल तर एक्स३२ वर इनपुटपासून आउटपुटपर्यंत ०.८ मिलिसेकंद लागतात, ९६ वर चालणाऱ्या एसक्यूला ०.७ हून कमी. त्या ०.१ मिलिसेकंदात आवाज साडेतीन सेंटिमीटर जातो. गायकाने मान कलती केली तरी त्याहून जास्त फरक पडतो. इन-इअर (कानात घालायचे मॉनिटर) लावणाऱ्यांचं गणित वेगळं, तीन डिजिटल यंत्रं एकामागून एक जोडली की त्यांना ते कळतं, ठाऊक आहे. पण माझा लेख त्यांच्यासाठी नव्हताच. दांते हल्ली जिथे तिथे आहे, त्यात नवं काय सांगू? डीएम३ दांतेसह मिळतो आणि दांतेशिवायही, झालं. किमतीचं विचाराल तर स्टॉलवर एक, लॅमिंग्टन रोडच्या बाजारात दुसरी, जीएसटी धरून तिसरी. छापू कोणती?

राहता राहिलं अख्खा कार्यक्रम करून मग मत देणं. एक्स्पोचा लेख हा एक्स्पोचा लेख असतो, एवढं तरी समजून घ्या.

प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. तिच्याखाली दोघांनी 'सॉलिड' म्हणून अंगठे दिलेत. त्यातला एकजण गेल्या गणपतीत माझ्याकडून स्टेज बॉक्स (स्टेजवरच्या माइकच्या केबली जोडायचा डबा) घेऊन गेलाय. तो आधी परत कर म्हणावं.