कमी सरकार मागणं म्हणजे बाईला वाऱ्यावर सोडणं नव्हे

महिला दिन जवळ आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा: व्यक्तिस्वातंत्र्य आणि मर्यादित सरकार मागणारा स्त्रीवाद ही अमेरिकेतल्या सुखवस्तू बायकांची चैन आहे, आपल्याकडे बाईला वाचवलं ते सरकारी बंधनांनीच, आणि सरकारने हात आवरला तर ती पुन्हा सासरच्या तावडीत सापडेल. तिन्ही विधानं चुकीची आहेत. ती खोडायला महाराष्ट्राबाहेर जावंही लागत नाही.

आधी चैनीचं. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. प्रचंड संख्येने आलेल्या त्या बाया शेतकरी घरांतल्या होत्या. संघटनेचे नेते शरद जोशी खुल्या बाजाराचे उघड पुरस्कर्ते. सरकार शेतमालाचे भाव पाडतं, त्यातून शेतकऱ्याचं घर बुडतं आणि त्याची झळ बाईला सर्वांत जास्त बसते, ही त्यांची मांडणी होती. पुढे याच संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ चालवली. नवऱ्याने आपण होऊन जमिनीतला वाटा बायकोच्या नावे करायचा. सक्ती नाही, अनुदान नाही. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांनी ते करून दाखवलं. सातबाऱ्यावर नाव नसेल तर जन्मभर खुरपणी करूनही बाई शेतकरी ठरत नाही. सोसायटी तिच्या नावे पीककर्ज देत नाही, गारपिटीची भरपाई तिच्या खात्यात येत नाही, आणि नवरा गेला की तिच्याआधी दीर तलाठ्याकडे पोचलेला असतो. याबद्दलचं सरकारी परिपत्रक १९९२ साली निघालं. गावं त्याआधीच कामाला लागली होती.

यावर कुणीतरी लगेच म्हणेल की मार्च २०१० मध्ये राज्यसभेत महिला आरक्षणाविरुद्ध एकमेव मत याच जोशींचं होतं. होतं. राखीव मतदारसंघ दर वेळी बदलत राहणार, या पद्धतीला त्यांचा आक्षेप होता. तो पटो न पटो, पण तेवढ्यावरून त्यांना स्त्रीद्वेष्टं म्हणणं अन्याय आहे.

आता बंधनांनी वाचवल्याचा दावा. २००५ मध्ये राज्य सरकारने स्त्रीच्या प्रतिष्ठेचं नाव घेऊन डान्सबार बंद केले. मात्र तारांकित हॉटेलांना सूट ठेवली. म्हणजे प्रतिष्ठा जाते ती फक्त साध्या बारमध्ये! नाचणाऱ्या मुलींची रोजीरोटी एका फटक्यात गेली आणि त्यांना कुणी विचारलंही नाही. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. तरी सरकारने २०१४ मध्ये आणि २०१६ मध्ये पुन्हा कायदे आणले. त्यातल्या बऱ्याच जाचक अटी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला काढाव्या लागल्या. जिथे मद्य मिळतं तिथे स्त्रियांना नोकरी नको, हा पंजाबचा १९१४ चा कायदाही अगदी या शतकात दिल्लीत लागू होता. हॉटेल मॅनेजमेंट शिकलेल्या मुलींना तो ‘सुरक्षित’ ठेवत होता! धोका बाहेर असेल तर गुंडाला आवरा. बाईचं काम का बंद करता?

तिसरा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो. सासरची तावड आणि सरकार ही दोन टोकं असल्यासारखं बोललं जातं. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लागलं होतं. मोठ्या झाल्यावर त्यांनी नांदायला जायचं नाकारलं, तेव्हा नवरा दादाजी भिकाजी त्यांना आणायला मुंबईच्या न्यायालयात गेला. मार्च १८८७ मध्ये न्यायालयाने हुकूम दिला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. मग त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. इथे तुरुंगाचं दार दाखवणारं सरकारच होतं. सासरची ताकद अपुरी पडली म्हणून ते मदतीला धावलं होतं.

मर्यादित सरकार मागणारी बाई पोलीस नकोत, न्यायालय नको असं म्हणत नाही. मारहाण करणाऱ्याला पकडा, माझी मालमत्ता माझ्या नावे नोंदवा, मी केलेला करार पाळला जाईल ते बघा, एवढं ती मागते. १९९४ मध्ये महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीने हक्क दिला, तो याच कारणाने स्वागतार्ह आहे: तिथे राज्याने तिच्यावर नवं बंधन घातलं नाही, कायद्यातला जुना भेद काढला.

हिंदू विवाह कायद्याचं कलम ९ आजही आहे. नांदायला न जाणाऱ्या जोडीदाराविरुद्ध त्याखाली हुकूम मिळतो. तुरुंग आता नाही, पण हुकूम पाळला नाही तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. कागदावर हे नवऱ्याला आणि बायकोला सारखंच लागू आहे. पण सासर सोडून माहेरी आलेल्या बाईला त्याचा धाक काय असतो, हे कुठल्याही तालुक्याच्या कोर्टातल्या वकिलाला विचारा. आंध्रच्या उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये हे कलम रद्द ठरवलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ते टिकवलं. बाईसाठी आणखी कायदे मागणाऱ्यांनी हे एक कलम काढायची मागणी आमच्याबरोबर करावी.