‘शब्दांचा कीस’ काढल्याबद्दल

भाऊ, तुम्ही नाव न देता ‘मिलकामगाराचा मुलगा’ एवढंच लिहिलंत, म्हणून भाऊच म्हणतो. ‘नागपुरात उद्योग आले, कारखानदारी आली का?’ या माझ्या लेखात मी म्हटलं होतं की प्रत्येक उद्योग म्हणजे कारखानदारी नव्हे. त्यावर तुमचे तीन आक्षेप. उद्योग आणि कारखानदारी एकच, मी उगाच शब्दांचा कीस काढतो. कोराडीचं वीज केंद्र आणि वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) कोळसा खाणी कारखानदारीतून वगळून मी तिथल्या माणसांच्या घामाला कमी लेखलं. आणि बुटीबोरीकडच्या गोदामांना नावं ठेवताना तिथे पोरं कामाला लागलीत हे मला दिसलं नाही.

आधी माझी चूक. लेखात एका ठिकाणी ‘उद्योग म्हणजे जिथे माल तयार होतो’ असं मी लिहून बसलो. त्या एका वाक्याने माझंच म्हणणं पाडलं. दुरुस्त केलंय. बाकीच्यावर मात्र भांडणार.

घोटाळा आपल्या ‘उत्पादन’ या शब्दात आहे. ‘कापसाचं उत्पादन घटलं’, ‘कोळशाचं उत्पादन वाढलं’ आणि ‘उत्पादन क्षेत्र मंदावलं’, या तिन्ही बातम्या पेपरच्या एकाच पानावर येऊ शकतात. कापूस पिकतो, कोळसा निघतो. तिसऱ्या बातमीतलं उत्पादन म्हणजे मॅन्युफॅक्चरिंग, एका मालाचा दुसरा माल करणं. त्याला मी कारखानदारी म्हणतो, कारण दुसरा बरा शब्द सापडत नाही. सरकारी हिशेबात उद्योग हे मोठं पोतं आहे. त्यात खाणकाम, कारखानदारी, वीज-गॅस-पाणीपुरवठा आणि बांधकाम असं सगळं येतं. उद्योगाची वाढ-घट मोजणाऱ्या औद्योगिक उत्पादन निर्देशांकात बांधकाम धरत नाहीत. २०११-१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेत कारखानदारीला ७७.६३ टक्के भार होता, खाणींना १४.३७ आणि विजेला ७.९९. म्हणजे उमरेडचा खाणकामगार उद्योगातच आहे, फक्त त्याचा रकाना वेगळा. यात घामाचा अपमान कुठे आला?

कोराडीबाबत मात्र तुमच्या बाजूने कायदा उभा आहे, हे मीच सांगतो. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात ‘उत्पादन प्रक्रिये’ची व्याख्या इतकी ऐसपैस होती की वीज तयार करणं त्यात यायचं, धुणं-पुसणं-पॅकिंग यायचं, शीतगृहात माल ठेवणंही यायचं. कामगाराच्या सुरक्षेसाठी जाळं मोठं टाकलं होतं, आणि ते योग्यच होतं. त्या कायद्याने वीज केंद्र हा कारखाना, आकडेवारीच्या तक्त्यात मात्र वीज वेगळी. मी तक्त्याने चाललो होतो, तसं सांगायला हवं होतं.

करवसुलीच्या खटल्यांमध्ये न्यायालयांनी वेगळीच चाळणी लावली: वस्तूचं नाव, गुण आणि उपयोग बदलून नवीनच वस्तू झाली का? १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर अननस आला होता. साल काढून, चकत्या करून, साखर घालून डबाबंद केला तरी तो अननसच राहिला, असा निकाल लागला. आपल्या संत्र्याला हाच न्याय लावून बघा. धुऊन, मेणाचा थर देऊन, आकाराप्रमाणे निवडून पेटीत भरलेलं संत्रं हे संत्रंच. पण त्याचा गर खव्यात आटवला, थापला, वड्या पाडल्या की दुकानात कोणी ‘पाव किलो संत्री द्या’ म्हणत नाही. माझ्या लेखी संत्रा बर्फी ही कारखानदारी. (डबाबंद अननसाचं मला आजही पूर्ण पटलेलं नाही, पण माझं कोण ऐकतो!)

आणि ‘उद्योग’ किती ताणता येतो याचा मोठा दाखला नागपूरचाच आहे. आपल्या महापालिकेच्या कर्मचाऱ्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. पालिका म्हणाली, आम्ही काही उद्योग नाही. १९६० मध्ये न्यायालयाने अग्निशमन, सांडपाणी, आरोग्य, बगिचे अशी बहुतेक खाती कामगार कायद्याच्या अर्थाने उद्योगच ठरवली. आता सांगा, आग विझवणारा उद्योगात आहे, पण तो बनवतो काय?

गोदामांचं. माझा भाचा अशाच एका शेडमध्ये आहे. परवा विचारलं, ‘काय बनवता बे तिथं?’ म्हणाला, ‘मामा, बनवत काही नाही. ट्रक येतो, खोके उतरवतो, स्कॅन करतो, स्टिकर लावतो, दुसऱ्या ट्रकात भरतो.’ पगार वेळेवर होतो. रात्रपाळीत पायाला गोळे येतात, तेव्हा कष्ट कमी आहेत असं मी म्हणणार नाही. पण सरकारी हिशेबात साठवण आणि वाहतूक ही सेवा. हिंगण्याच्या कारखान्यात लेथवर एक गोल सळई लावली, बुश (यंत्रात बसणारी धातूची नळी) वळला, की त्यामागे टूलला धार लावणारा, उष्णप्रक्रिया करणारा, प्लेटिंगवाला, स्क्रॅप उचलणारा अशी चार घरं चालतात. वळता वळता शिकलेला पोरगा पुढे स्वतःचा लेथ टाकतो. स्टिकर लावून कोणी स्वतःचं गोदाम टाकल्याचं मी अजून पाहिलं नाही. ‘नवा उद्योग येतोय’ अशी बातमी आली की म्हणूनच मी विचारतो, आत जाणार काय आणि बाहेर येणार काय?

तुमच्या वडिलांच्या एम्प्रेस मिलला हा प्रश्न विचारावा लागत नव्हता. १ जानेवारी १८७७ ला ती सुरू झाली. आत कापसाच्या गाठी, बाहेर कापडाची ठाणं. आज त्याच जागेवर मॉल आहे, तिथे तयार कपडे विकले जातात. बोलताना दोन्हीला आपण ‘धंदा-उद्योग’ म्हणतो. ते एकच, असं तुमच्या वडिलांसमोर म्हणाल का?

ते सूतकताईत होते की विणाईत, तेवढं कळवा. मिलवर लिहायचं मनात आहे, आणि आत काम केलेल्या माणसाकडून ऐकलेलं माझ्याकडे फार थोडं आहे.