तारा आठ, जोडल्या चारच!

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी इंटरनेट कंपनीचा तिसरा माणूस येऊन गेला, आणि वेग पुन्हा 94 एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट)! अरे, पैसे 300 एमबीपीएसचे घेता ना? मग केबलच्या आठ तारांपैकी चारच का जोडता? चार तारांवर 100 च्या वर वेग जातच नाही! आठही नीट जोडा, साधी कॅट-5ई जातीची केबल सुद्धा 100 मीटरपर्यंत 1000 देते. पण नाही. “काका, राउटर बदला.” का बदलू? गिगाबिटचाच, म्हणजे 1000 चाच आहे तो! पहिल्याने बाहेरून आलेली वायर राउटरच्या वॅन, म्हणजे इंटरनेटच्या खाचेऐवजी लॅन, म्हणजे घरातल्या उपकरणांच्या खाचेत खुपसली. वर नाव लिहिलंय, वाचता येत नाही? दुसऱ्याने ती दाराच्या फटीत चेपली. आणि हा तिसरा, क्लिप तुटलेला प्लग सेलोटेपने चिकटवून गेला. सेलोटेपने!