साप्ताहिकाचं तोंड कसं बंद करावं

तुम्ही रोममध्ये मंत्री, सेनापती किंवा गेला बाजार बिल्डर असाल आणि 'लेस्प्रेसो' या इटालियन साप्ताहिकात तुमचं नाव वारंवार छापून येत असेल, तर घाबरू नका. १९५५ पासून थोरामोठ्यांनी सगळे उपाय करून पाहिलेत. फक्त क्रम पाळा.

आधी नाक दाबा. साप्ताहिक निघून तीन महिने झाले नाहीत तोच मान्लिओ कांकोन्यी यांनी रोममधल्या जमिनींच्या सट्ट्यावर मथळा दिला: 'भ्रष्ट राजधानी = रोगट राष्ट्र'. अंक चादरीएवढा, त्यामुळे मथळा लांबूनही वाचता यायचा. पैसा टाइपरायटरवाल्या आद्रियानो ओलिवेत्तींचा. तेव्हा सरकारी कचेऱ्यांतली त्यांच्या यंत्रांची खरेदी आखडा. ओलिवेत्ती वैतागले आणि आपला हिस्सा कार्लो काराच्योलोंच्या हवाली करून मोकळे झाले. आता मालक असा, की ज्याला सरकारला एकही यंत्र विकायचं नाही. शिवाय फियाटच्या जान्नी आन्येल्लींचा सख्खा मेहुणा! नाक दाबलं की तोंड उघडतं, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

मग कोर्टाची पायरी चढा. १९६७ मध्ये एउजेनिओ स्काल्फारी आणि लीनो यान्नुझ्झी या पत्रकारांनी 'लेस्प्रेसो'त छापलं, की १९६४ मध्ये काराबिनिएरींचे (म्हणजे इटलीच्या लष्करी पोलीस दलाचे) प्रमुख जनरल दे लोरेन्झो यांनी राजकारणी-कार्यकर्त्यांना उचलून सार्दिनियात डांबायची योजना आखली होती. जनरलनी अब्रूनुकसानीचा दावा लावला, जिंकलाही. दोघांना वर्षभराहून जास्त कैद ठोठावली गेली. पण १९६८ मध्ये समाजवाद्यांनी दोघांना तिकीट दिलं आणि खासदारकीच्या कवचामुळे तुरुंग टळला. जनरलही त्याच निवडणुकीत राजेशाहीवाद्यांकडून निवडून आले. फिर्यादी आणि स्काल्फारी एकाच सभागृहात! तेव्हा दावा लावण्याआधी निवडणुकीची तारीख बघा.

एवढ्याने भागलं नाही तर नुसते थांबा. चूक ते स्वतःच करतात. १९७१ मध्ये शेकडो नामवंतांच्या सह्यांचं पत्र छापून त्यांनी पोलीस अधिकारी कालाब्रेसींना पिनेल्ली या अराजकवाद्याच्या मृत्यूला जबाबदार धरलं. पुढच्या मे महिन्यात कालाब्रेसींचा मिलानमध्ये घरासमोर खून झाला. पिनेल्ली पोलीस कचेरीच्या खिडकीतून पडला तेव्हा ते त्या खोलीत नव्हते, असा निष्कर्ष नंतर न्यायालयीन चौकशीत निघाला. त्या पानाचा उल्लेख साप्ताहिकाच्या चाहत्यांसमोर जरूर करा. एरवी अखंड बोलणारी माणसं तेवढ्यापुरती गप्प होतात.

सगळ्यात खर्चिक उपाय म्हणजे सरळ विकत घेणं. १९८९ पासून बेर्लुस्कोनी आणि दे बेनेदेत्ती हे दोन उद्योगपती मोन्दादोरी या प्रकाशनसंस्थेसाठी भांडले. 'लेस्प्रेसो' त्या गाठोड्यात होतं. १९९१ मध्ये रोमच्या अपील कोर्टाचा निकाल बेर्लुस्कोनींच्या बाजूने लागला. तो लिहिणारा न्यायाधीश लाच खाऊन बसला होता, हे पुढे सिद्ध झालं. तरी वाटणीत 'लेस्प्रेसो' दे बेनेदेत्तींकडे गेलं ते गेलंच. बेर्लुस्कोनींच्या हाती प्रतिस्पर्धी साप्ताहिक 'पानोरामा' उरलं. वर २०१३ मध्ये बेर्लुस्कोनींच्या कंपनीने दे बेनेदेत्तींच्या कंपनीला जवळपास ५० कोटी युरोंची भरपाई द्यावी, हा निकाल कायम झाला. न्यायाधीश विकत घ्यायचाच, तर आधी वाटणीचा कागद नीट वाचावा.

आणि इतकी यातायात झेपत नसेल, तर वाट बघा. २०२२ मध्ये मालकांनी स्वतःच साप्ताहिक विकून टाकलं, आणि संपादक मार्को दामिलानो राजीनामा देऊन बाहेर पडले. ना दावा, ना लाच. विकणारी कंपनी कुणाच्या घराण्याची? आन्येल्लींच्या. जान्नींच्या मेहुण्याने वाढवलेलं जान्नींच्या नातवाच्या अमलात गेलं.